डॉ. विद्या अरणकल्ले आणि काविळीच्या कारणाचा शोध

धाराशिव जिल्ह्यात कावीळ ठाऊक नाही असे घर विरळाच. डोळे पिवळे दिसू लागले, अन्नावरची वासना उडाली, लघवी हळदीसारखी होऊ लागली, की घरातील वडील माणसे रोगाचे नाव उच्चारीत आणि उपायांस आरंभ होई. कोणी गळ्यात काविळीची माळ घालीत. ती दिवसेंदिवस लांबत जाई आणि लांबली की कावीळ उतरली असे मानीत. कोणी चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात धुवून पिवळे झालेले पाणी दाखवीत. कोणी डाग देत. पुष्कळ रोगी बरे होत आणि त्याचे श्रेय माळेस वा डागास मिळे. परंतु जे बरे होत नसत, त्यांत एक वर्ग मन विदीर्ण करणारा होता. तो म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलींचा. सातव्या-आठव्या महिन्यात कावीळ व्हावी, थोड्याच दिवसांत शुद्ध हरपावी आणि आई व बाळ दोघेही जावीत, असे प्रसंग कित्येक कुटुंबांनी सोसले आहेत. त्या मृत्यूचे खापर कधी मुलीच्या नशिबावर, कधी कोणाच्या दृष्टीवर, तर कधी माहेरच्यांनी तिला काय खाऊ घातले यावर फुटे.

खरा अपराधी बहुधा घरातील पाण्याच्या घागरीत होता. तो डोळ्यांस दिसत नव्हता आणि शास्त्रज्ञांसही कित्येक वर्षे ओळखू आला नव्हता. त्याचा माग काढण्यात आपल्या महाराष्ट्रातील पुणे येथील एका संस्थेचा, आणि त्या संस्थेत आपले आयुष्य वेचणाऱ्या डॉ. विद्या अरणकल्ले या विदुषीचा फार मोठा वाटा आहे. हा इतिहास आपल्या कुटुंबांतील थोरांस व विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींस ठाऊक असावा, या हेतूने तो येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

पुण्याची संस्था

सन १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या संयुक्त विद्यमाने पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. त्या वेळी आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. डास, गोचिडी अशा कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करणे हा केंद्राचा प्रारंभीचा हेतू होता. १९५७ मध्ये म्हैसूरच्या शिमोगा भागातील जंगलात माकडे मरू लागली व माणसांस ताप येऊ लागला, तेव्हा त्या क्यासनूर ज्वराचा विषाणू याच केंद्राने शोधून काढला. १९६५ मध्ये नागपूर भागातील रुग्णांच्या रक्तात चांदीपुरा विषाणू सापडला, तोही याच केंद्रातील संशोधकांस. १९७८ मध्ये केंद्राचे नामकरण राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे झाले, आणि त्याच वर्षी डॉ. खोर्शेद पावरी या स्त्री-शास्त्रज्ञाने तिच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली. त्या पदावर त्या १९८८ पर्यंत होत्या.

या संस्थेची एक सवय येथे मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावर आधारलेला आहे. साथीच्या ठिकाणी जाऊन रुग्णांच्या रक्तातील जल, म्हणजे रक्तद्रव, काढावयाचा. त्याची छोट्या नळ्यांतून नीट नोंद करावयाची. आणि आज उपयोग नसला तरी तो अतिशीत पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवावयाचा. आपल्या घरांत जुनी खातेवही व दस्तऐवज जसे जपून ठेवतात, तशीच ही रीत होय. वाद उत्पन्न झाला म्हणजे त्या कागदाची किंमत कळते.

दिल्लीची साथ

डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्ली शहरात काविळीची प्रचंड साथ आली. डोळे पिवळे झालेल्या रुग्णांचीच संख्या सुमारे २९,३०० भरली. कारण लवकरच उघडकीस आले. यमुनेस पूर आल्यानंतर प्रवाहाची दिशा बदलली आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी उलट फिरून वझिराबाद येथील पाणीपुरवठ्याच्या उपशाच्या जागेपर्यंत पोहोचले. तेथील अधिकाऱ्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वर व आमांश यांचे जंतू मेले, आणि ते रोग शहरात वाढले नाहीत. कावीळ मात्र घरोघर पोहोचली. जंतूंस मारणारी मात्रा या विषाणूस पुरी पडली नव्हती.

या साथीत एक गोष्ट वैद्यांच्या लक्षात आली. रोग मुलांपेक्षा तरुण स्त्री-पुरुषांस अधिक होत होता, आणि गरोदर स्त्रियांस तो विशेष घातक ठरत होता. तरीही त्या वेळच्या समजुतीप्रमाणे पाण्यातून पसरणारी कावीळ एकाच प्रकारची, म्हणजे ज्यास पुढे ‘हेपॅटायटिस ए’ म्हणू लागले ती, असे गृहीत धरले गेले. त्या साथीतील काही रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवण्यात आले. हे काम करणाऱ्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. पण त्यांच्या दक्षतेचे फळ पंचवीस वर्षांनी मिळावयाचे होते.

ए नव्हे, बी नव्हे

मध्यंतरी जगात पुष्कळ प्रगती झाली. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा ‘बी’ विषाणू १९६० नंतरच्या दशकात उजेडात आला. १९७३ मध्ये अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन व पर्सेल यांनी ‘ए’ विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यानंतर रक्तपरीक्षा निघाल्या. माणसास एखाद्या विषाणूची नुकतीच लागण झाली असेल तर त्याच्या रक्तात एका प्रकारची प्रतिपिंडे दिसतात, आणि पूर्वी केव्हातरी होऊन गेली असेल तर दुसऱ्या प्रकारची. हा भेद कळू लागताच जुन्या नळ्यांस वाचा फुटली.

पुण्याच्या संस्थेतील श्रीनिवासन, प्रसाद व पावरी यांनी अमेरिकेतील वाँग व पर्सेल यांच्यासह दिल्ली १९५५-५६, अहमदाबाद १९७५-७६ आणि पुणे १९७८-७९ या साथींतील रक्तद्रव तपासले. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रुग्णांस ‘ए’ची लागण पूर्वीच, बहुधा बालपणी, होऊन गेलेली होती, ताजी लागण ‘ए’ची नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती. अर्थात दिल्लीतील त्या हजारो माणसांस निराळ्याच विषाणूने गाठले होते. त्याच वर्षी काश्मीरमधील १९७८ च्या साथीचा अभ्यास करून डॉ. मोहंमद सुलतान खुरू यांनीही स्वतंत्रपणे असेच अनुमान प्रसिद्ध केले.

पंचवीस वर्षे जे सर्वमान्य होते ते आपल्याच जपलेल्या पुराव्याने खोटे ठरविणे, यात शास्त्राचे खरे मोठेपण आहे. नव्या विषाणूस काही काळ नावही नव्हते. ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढीच त्याची ओळख. जे कळले नाही ते कळले नाही असे नावातच लिहून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

डॉ. अरणकल्ले यांचे कार्य

या टप्प्यावर डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या कार्याचे महत्त्व दिसू लागते. विषाणू नाही असे सिद्ध करणे एक, आणि आहे तो दाखविणे दुसरे. १९८३ मध्ये मॉस्को येथील मिखाइल बालायन यांनी रुग्णांच्या मलाचा गाळलेला अंश स्वतः प्राशन केला, स्वतःस कावीळ करून घेतली, आणि आपल्याच मलात विषाणूचे कण पाहिले. हे साहस विलक्षण खरे, परंतु एका माणसाच्या अनुभवावर सिद्धान्त उभा राहत नाही. १९८८ मध्ये अरणकल्ले, श्रीनिवासन, पावरी व त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी ‘लॅन्सेट’मध्येच आपला निबंध प्रसिद्ध केला. माकडांवरील प्रयोग आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने त्यांनी त्या सूक्ष्म कणांचा या काविळीशी कार्यकारणसंबंध दाखवून दिला. कणाचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात तीस-तेहतीस हजार कण ओळीने मावतील एवढा! १९९० च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या अनुवंशद्रव्याचे वाचन झाले आणि त्यास ‘हेपॅटायटिस ई’ हे नाव स्थिर झाले.

नाव मिळताच अरणकल्ले यांनी पुन्हा जुन्या नळ्यांकडे मोर्चा वळविला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पाण्याद्वारे आलेल्या काविळीच्या १७ साथी तपासल्या. त्यांपैकी १६ साथी पूर्णतः वा अंशतः ‘ई’च्या ठरल्या. सतरावी, अंदमान बेटांतील १९८७ ची साथ, ‘ए’ची नव्हती आणि ‘ई’चीही नव्हती. सोळा उत्तरे हाती आली असता सतरावे कोडे झाकून न ठेवता त्यांनी ते निबंधाच्या शीर्षकातच मांडले. हा त्यांच्या गुरुपरंपरेचा धर्म होय.

दुसरा प्रश्न वयाचा होता. पुणे व परिसरातील निरनिराळ्या वयाच्या, शहरातील व खेड्यातील, सधन व निर्धन अशा लोकांचे रक्तद्रव १९८२ साली आणि त्यानंतर दहा व सोळा वर्षांनी तपासून त्यांनी दोन्ही विषाणूंचे चित्र रेखाटले. ‘ए’ची लागण खेड्यापाड्यांत लहानपणीच होऊन जाते आणि ती बहुधा सौम्य असते. उलट शहरातील सुखवस्तू घरांत स्वच्छता वाढल्यामुळे मुले त्या लागणीतून सुटू लागली होती. मोठेपणी ती झाली तर रोग अधिक त्रासदायक होतो. ‘ई’चे पाहावे तर बालकांत त्याच्या खुणा थोड्याच आढळत, तरुण वयात त्या वाढत, आणि तरीही निम्म्याहून अधिक प्रौढ त्यापासून अलिप्त राहिलेले असत. म्हणूनच नाल्याचे पाणी नळात शिरले की शेकडो तरुण माणसे एकाच वेळी आजारी पडतात, आणि त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या स्त्रियांपैकी शेकडा वीस ते पंचवीस दगावतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माहेरी गेलेल्या त्या मुलींचे मृत्यू दैवाचे नव्हते, पाण्याचे होते, हे या अभ्यासाने निःसंशय कळले.

लहान पोथी आणि पाठभेद

या विषाणूचे सर्व ज्ञान रायबोन्यूक्लिइक आम्लाच्या, म्हणजे आर. एन. ए.च्या, एका सूत्रात साठविलेले असते. ही चार अक्षरांत लिहिलेली पोथी समजावी. तिची एकूण लांबी सुमारे ७,२०० अक्षरे. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्यांपैकी दोन-अडीचशे ओव्या लिहून होतील एवढाच हा मजकूर. पण तेवढ्यात यकृतात शिरण्याची, आपल्या प्रती काढण्याची आणि बाहेर पडण्याची सर्व विद्या आहे.

मनुष्याच्या पेशींत अनुवंशद्रव्याची नक्कल झाली की तिच्यावरून पुन्हा नजर फिरविली जाते व चुका दुरुस्त होतात. ‘ई’सारख्या आर. एन. ए. विषाणूंच्या लेखनिकापाशी अशी तपासणी नसते. त्यामुळे प्रतीगणिक एखादे अक्षर चुकते, आणि चुकलेली प्रत पुढच्या प्रतीचा आधार होते. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक पाठभेदांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते ताडतात. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला तोही अशाच प्रती ताडून. विषाणुशास्त्रज्ञही हेच करतात. निरनिराळ्या वर्षांतील विषाणूंची अक्षरे शेजारी मांडली की त्यांची वंशावळ उभी राहते.

या रीतीने अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासूनच्या भारतीय ‘ई’ विषाणूंची वंशावळ जुळविली. पुढे डुकरांतही हा विषाणू आढळला, तेव्हा आपल्याकडे माणसांस तो डुकरांपासून होतो की काय अशी शंका उत्पन्न झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम भारतातील माणसांचा विषाणू पहिल्या वंशाचा आणि डुकरांचा चौथ्या वंशाचा आढळला. याचा अर्थ असा की, साथीचा दोष जनावरावर ढकलून माणसास मोकळे होता येत नाही. आपलेच सांडपाणी आपल्या पिण्याच्या पाण्यात मिसळते.

त्याच संस्थेत डॉ. कविता लोले व त्यांचे विद्यार्थी डॉ. योगेश कर्पे यांनी या पोथीची नक्कल कशी होते याचा सूक्ष्म अभ्यास केला. गुंतलेली आर. एन. ए. सूत्रे उलगडणारा विषाणूचा एक प्रथिनभाग आहे. तो त्या सूत्राच्या आरंभी टोपी बसविण्याच्या कामातील पहिली पायरीही पार पाडतो, असे त्यांनी २०१० मध्ये दाखविले. टोपी नसलेले सूत्र पेशीस परके वाटते. विषाणू टोपी घालून घरचा माणूस बनतो. हे कळले म्हणजे पुढे त्यास अडविणारे औषध शोधण्याची दिशा सापडते.

बार्शीची नळी

आता आपल्या दारातील गोष्ट. धाराशिव व कळंबच्या लोकांस बार्शीची बाजारपेठ परकी नाही. येडशी-तडवळ्यावरून जाणाऱ्या बार्शी लाईट रेल्वेने आपल्या कित्येक पिढ्यांची तेथे ये-जा झाली. १९७३ मध्ये त्याच बार्शीत चिकुनगुन्या या सांधे धरणाऱ्या तापाची साथ आली होती. हाही आर. एन. ए. विषाणूच, पण डासांमार्फत पसरणारा. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी साथीची पाहणी केली आणि विषाणू जपून ठेवला. त्यानंतर सुमारे बत्तीस वर्षे हा रोग देशात नाहीसा झाल्यासारखा वाटला. मग २००५ व २००६ मध्ये तो अकस्मात उसळला. मराठवाड्यातही माणसे कमरेत वाकून चालू लागली, आणि २००६ मध्ये देशभरात संशयित रुग्णांची संख्या तेरा लाखांवर गेली.

जुनाच रोग पुन्हा जागा झाला, की नवा आला? त्याचे उत्तर बार्शीच्या नळीत होते. अरणकल्ले व सहकाऱ्यांनी कलकत्त्याचा १९६३ चा, बार्शीचा १९७३ चा आणि नव्या साथीतील विषाणू ताडून पाहिले व २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कलकत्ता व बार्शी येथील विषाणू आशियाई वंशाचे, तर नव्या साथीतील आफ्रिकी वंशाचे होते. विशेष म्हणजे पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांत सापडलेला विषाणूही आफ्रिकी वंशाचाच निघाला. म्हणजे पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधीच घरात येऊन राहिला होता. बार्शीतील त्या रुग्णांनी रक्त दिले नसते, किंवा कोणी कंटाळून जुन्या नळ्या फेकून दिल्या असत्या, तर हे कधीच सिद्ध करता आले नसते.

संस्थेतील दीर्घ सेवेनंतर डॉ. अरणकल्ले यांनी पुण्यातच भारती विद्यापीठाच्या आरोग्यविषयक संशोधनसंस्थेत विषाणूंचा अभ्यास पुढे चालविला. ‘ई’ काविळीवरील लशीच्या दिशेनेही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. चीनमध्ये अशी लस २०११ मध्ये मान्य झाली, आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील बेंतियू येथे विस्थापितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाचा भारतातील पहिला रुग्ण निश्चित झाला तोही पुण्याच्या याच संस्थेतील परीक्षेने. सत्तर वर्षांची पुण्याई अशी प्रसंगी उपयोगी पडते.

आपले कर्तव्य

हा इतिहास वाचून आपण काय घ्यावे? आपला जिल्हा दुष्काळी. नळास रोज पाणी येत नाही. पाणी बंद असता नळी रिकामी होते, तिच्यातील दाब कमी होतो, आणि गटाराशेजारून गेलेली फुटकी नळी भोवतालची घाण आत ओढून घेते. दिल्लीत १९५५ मध्ये मोठ्या प्रमाणावर घडले, इचलकरंजीत २०१२ मध्ये ज्याने काविळीची साथ आली, ते कोणत्याही गल्लीत लहान प्रमाणावर घडू शकते. टँकरचे पाणी, यात्रेतील पाणी, पावसाळ्यातील विहिरीचे पाणी यांसही हाच न्याय लागू आहे. पाणी खळखळून उकळून प्यावे. घरात गरोदर सून वा लेक असेल तर याबाबतीत एक दिवसाचीही हयगय करू नये. तिचे डोळे पिवळे दिसले तर माळ लांबण्याची वाट न पाहता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. नळी फुटली असेल तर चौघांनी मिळून नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत लेखी तक्रार द्यावी. तीही एक प्रकारची समाजसेवाच होय.

आणखी एक. या इतिहासात डॉ. पावरी, डॉ. अरणकल्ले, डॉ. लोले ही स्त्रियांची नावे पुनःपुन्हा आली, ती योगायोगाने नव्हे. त्यांस कोणीतरी शिकू दिले, प्रयोगशाळेत रात्री थांबू दिले, वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू दिला. आपल्या घरातील एखादी मुलगी शास्त्रशाखेकडे जाऊ म्हणेल, तेव्हा खर्चाचा व लग्नाचा विचार पुढे करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हे स्मरावे. ज्या काविळीने आपल्या कित्येक लेकींचे संसार सुरू होण्याआधीच संपविले, तिचे खरे नाव शोधून काढण्यातही लेकींचाच वाटा मोठा आहे.